ज्या भेगेत मला शिरायचं होतं

मी पहार आहे. पाच फूट लांब, मुठीत मावेल एवढी जाड. एक टोक चपटं, एक अणकुचीदार. हल्ली मला हलायला मनाई आहे. ज्याने हे बजावलं त्याचं मी आजवर सगळं ऐकत आले, म्हणून हेही ऐकते. पण पहारीला हलू नको म्हणणं म्हणजे कुत्र्याला वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे.

माझा जन्म कळंबोलीचा. लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला ट्रकच्या रांगा संपतात आणि गॅरेजं सुरू होतात, तिथे एका लोहाराचा भाता होता. त्याने भंगारात निघालेल्या एका ट्रकच्या ॲक्सलमधून मला काढलं. तापवलं, ठोकलं, लांबवलं आणि शेवटी टोकाला पाणी दिलं. तो ट्रक अर्धा देश हिंडला असणार. स्वस्थ न बसणं मला तिथूनच मिळालं असावं. पाणी देताना मी इतकी चरचरले की लोहार हसून म्हणाला, "ही कुणाला सुखानं बसू देणार नाही."

मला नेलं जोतीरामने. तो कोल्हापूरकडचा. त्याचा जोडीदार किसन परभणीकडचा. दोघं टेकडीच्या पोटातल्या क्वारीत, म्हणजे दगडखाणीत, कामाला होते. एका बाजूला तळोज्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला खाडीची चकाकी, आणि मधे आमची काळ्या दगडाची भिंत. दिवसागणिक ती मागे सरकायची. सरकवणारे आम्हीच.

काम असं चालायचं. मशिनने भिंतीत भोकं पाडायची. किसन त्यांत सुरुंगाची दारू ठासायचा, टोपी बसवायचा, बत्ती सोडायचा आणि तोंड चिकणमातीने बुजवायचा. मग एक माणूस लाल फडकं हलवत थाळी बडवायचा, "बार हाय, बार, लांब व्हा," आणि सगळे पळायचे. बार उडाले की अर्धा तास थांबायचं. त्यानंतर माझी पाळी.

जोतीराम कमरेला दोर बांधून मला घेऊन वर जायचा. आधी दगडावर टिचकी. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला पोकळ बोलतो. पोकळ बोलला की माझं टोक भेगेत, जोतीरामचा खांदा माझ्यावर, आणि दगड खाली. ते सुख मी शब्दांत सांगू शकत नाही. भेगेत शिरताना मला वाटायचं, मी याच कामासाठी जन्मले. तो दगड क्रशरमध्ये जायचा, त्याची खडी व्हायची. वाशीच्या रस्त्यांखाली ती आहे. तुमच्या सोसायटीच्या पायातही असेल. तिथे उद्घाटनाची पाटी असते. तिच्यावर बरीच नावं असतात. जोतीरामचं नसतं.

किसनचं आणखी एक काम होतं. मोजायचं. भरले किती आणि वाजले किती. प्रत्येक आवाजाला तो एक बोट मिटायचा. आकडा जुळला नाही की म्हणायचा, "एक बसलाय." न उडालेल्या बाराला त्याचा हाच शब्द होता. बसलाय म्हणजे आत तो अजून आहे.

एकदा नऊ भरले आणि आठ वाजले. खाली ट्रक उभे होते, मुकादम शिट्ट्या मारत होता. किसन म्हणाला, "एक बसलाय. अर्धा तास कुणी जायचं न्हाई. मी पानी आणतो, भोकात सोडतो, मग बघू."

"अरे, मी पल्याडच्या कडेनं जातो," जोतीराम म्हणाला. "तो तिकडं आहे, मी इकडं."

"तुला काय ठावं कुठं हाय?"

"तुझं मोजणं आणि माझं डोकं, दोन्ही मिळून होईल की."

किसन पाण्याला गेला. जोतीरामला थांबवेना. त्याचा स्वभाव आणि माझा स्वभाव एक होता. खरं सांगते, मलाही थांबायचं नव्हतं. त्याने मला भेगेत घातलं, मी शिरले, आणि मला तेवढंच आठवतं. मी चाळीस पावलांवर जाऊन पडले. माझं अणकुचीदार टोक तेव्हापासून किंचित वाकडं आहे. जोतीराम उठला नाही. पाणी घेऊन परतणाऱ्या किसनचा डावा कान कायमचा गेला.

त्या दिवसानंतर मी किसनची झाले. बरेच दिवस तो माझ्याकडे बघायचाही नाही. एकदा म्हणाला, "तुला खाडीत टाकायला पायजे." पण टाकलं नाही.

मग एक दिवस क्वारी बंद करायचा हुकूम आला. त्या सकाळी बारा भोकं भरून तयार होती. मुकादम म्हणाला, "एवढे उडवून घ्या." उडवले. किसनची अकरा बोटं मिटली. म्हणजे दहा मिटली आणि मग एक पुन्हा. तो उभ्याउभ्या वाट बघत राहिला, वाट बघत राहिला. बारावा वाजला नाही.

"एक बसलाय," तो मुकादमाला म्हणाला.

"उद्या बघू."

उद्या कुणी आलंच नाही. संध्याकाळपर्यंत मशिनं ट्रकवर चढली आणि गेली. राहिली भिंत, आणि भिंतीखाली कामगारांची पन्नास घरं. ती कुणी ट्रकवर घातली नाहीत.

बारावं भोक भिंतीच्या मध्यावर होतं. तिथे दगडाची एक अरुंद पायरी आहे. शेजारच्या अकरा बारांनी हादरून त्या भोकाभोवतीची कपाटाएवढी शिळा भिंतीपासून सुटली, पण पडली नाही. तिच्याखाली एक भेग. बरोबर माझ्या जाडीची. मी ती पहिल्या दिवशीच पाहिली. सोळा वर्षं मी दुसरं काही पाहिलं नाही.

किसन दोनदा एका कार्यालयात जाऊन आला. तिथल्या माणसाने फाइल उघडून दाखवली. क्वारी बंद. बंद क्वारीत बार कसा असेल? किसन घरी परतला. मग त्याने स्वतःच एक रिवाज सुरू केला.

दसऱ्याला बाकीचे हत्यारांना झेंडू वाहायचे. किसनने ते कधीच सोडलं होतं. त्याच्यासाठी तो धम्माचा दिवस. संध्याकाळी पांढरे कपडे घालून तो सुंदराबाईबरोबर, म्हणजे बायकोबरोबर, विहारात जायचा. पण सकाळी आधी तो मला तेलाचा हात फिरवायचा, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घ्यायचा आणि माझाच आधार घेत त्या पायरीवर चढायचा. बाराव्या भोकाभोवती मोठं रिंगण काढायचा आणि आत फुली मारायचा. तेवढा वेळ मी भिंतीला टेकून, भेगेपासून हातभर अंतरावर. माझं टोक शिवशिवायचं.

"समदी विहारात, आन् आमचे मालक दगूड रंगवायला," सुंदराबाई खालून म्हणायची.

"संध्याकाळी येतो की."

"रंग लागलेल्या हातानं?"

उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी दारासमोर जमिनीत गाडलेली असायचे आणि मला चिंगी नावाची शेळी बांधलेली असायची. चिंगी बारीकशी ओढ द्यायची, मी हलायचे नाही, ती पुन्हा ओढायची. आम्हा दोघींना एकमेकींचं दुःख कळत होतं असं मी म्हणणार नाही. तिला फक्त समोरचा पाला हवा होता. मला ती भिंत.

मग किसनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गेल्या दसऱ्याला त्याने रिंगण चाचपडतच काढलं. जानेवारीत मुलगी शर्मिला त्याला ऑपरेशनसाठी कळंबोलीला स्वतःच्या घरी घेऊन गेली. त्याच दिवसांत क्वारीत दोर घेऊन दोघं येऊ लागले.

क्षिप्रा वाशीत वाढलेली, शिकायला स्कॉटलंडला गेलेली आणि पाच वर्षांनी परत आलेली. तिकडे तिने सुट्टीच्या दिवशी दगडावर चढणारे लोक पाहिले आणि स्वतः चढायला शिकली. तिचं म्हणणं होतं, डोंगर फोडून आपण शहर बांधलं, निदान फुटक्या डोंगराशी आता नीट वागू. आणि या शहरातल्या मुलांना मॉलखेरीज कुठेतरी हात टेकू द्या. ती हे इतक्या पोटतिडकीने बोलायची की थांबून ऐकावं. दिपेश टेकडीखालच्या गावातला. आगरी घरातला, सीवूड्सला ऑफिसात जाणारा. त्याचे वडील कमळाकर गावकीत होते.

"पप्पाला इचारलं," दिपेश एकदा दारावरून जाताना तिला सांगत होता. "बोल्ला, गावदेवीला नारल फोरा नि भिंतीवर चरा. मी बोल्लो, पप्पा, फॉरेस्टवाल्यांची परमिशन पन लागतं. तर बोल्ला, मग त्यांना पन फोरा नारल."

क्षिप्रा हसली, पण तिने वहीत लिहून घेतलं. ती सगळं लिहायची. परवानगी कुणाची घेतली, वाट कुठून काढायची म्हणजे माती वाहून जाणार नाही, खाडीच्या खाऱ्या हवेत न गंजणारे बोल्ट कुठले. बोल्ट म्हणजे दोर अडकवायला दगडात कायमचे ठोकायचे खिळे. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात शृंगी घुबडाची जोडी होती. पिल्लं उडेपर्यंत तो कोपरा बंद, असंही तिने लिहिलं. दगडाला नवी खाच पाडायची नाही. कचरा तर नाहीच, दुसऱ्यांचाही उचलायचा. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही पोरगी बरी आहे.

एका शनिवारी ती आमच्या दारात थांबली.

"मावशी, ही पहार मिळेल का? दोन दिवस. सुटे दगड काढायचेत."

"आन् बकरी कुठं बांधू?"

"मी तुम्हाला खुंटी देते ना. लोखंडी."

सुंदराबाईने मला आणि तिला एकदा न्याहाळलं. "घरचे न्हाईत. डोळ्याचं आपरेशन झालंय. त्यांना इचारायला पायजे."

"उद्या संध्याकाळी नक्की आणून देते."

"न्या मग. गंजतीच हाय."

क्षिप्राने मला मागितलं. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. ही पहार कुणाची, कशाला होती, एवढं जरी म्हणाली असती तरी सुंदराबाईने चहा टाकला असता आणि जोतीरामपासून सगळं सांगितलं असतं. तिला सांगायला आवडतं. पण सकाळ होती, ऊन चढायच्या आत काम उरकायचं होतं. घाई मला कळते. मी स्वतः घाईची आहे.

सोळा वर्षांनी मी कामासाठी हातात आले. क्षिप्राचे हात जोतीरामपेक्षा लहान, पण पकड खरी. आम्ही खालचे तीन सुटे दगड पाडले. तिने दर वेळी आधी टिचकी मारली, कान दिला. हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही; जोतीराम असता तर त्याने तिला दोर धरायला ठेवलं असतं. माझी गंज निघून टोक चमकायला लागलं. मी इतकी खूश होते की वर बघायचं विसरले.

मग आम्ही पायरीवर पोहोचलो आणि मी वर बघितलं. रिंगण नव्हतं. दारातून मी फक्त भेगच बघत आले होते, रिंगण गेलेलं मला कळलंच नव्हतं.

"काय मस्त साफ केलास हा भाग," दिपेश म्हणाला.

"पहिल्याच आठवड्यात केला. तारेच्या ब्रशने दोन तास. कुणीतरी पांढऱ्या पेंटने भलामोठा गोल काढून फुली मारली होती."

"लव्हर लोक असतील."

"लव्हर फुली का मारतील?"

"ब्रेकअप झाला असंल."

दोघं हसली. मी त्यांच्यामधे उभी होते. भोकाच्या तोंडावरची चिकणमाती पावसाने दगडाच्या रंगाची झाली होती; ज्याला माहीत नाही त्याला तिथे काहीच दिसलं नसतं. क्षिप्राने शिळेवर टिचकी मारली. शिळा पोकळ बोलली.

"हा सर्वांत डेंजरस आहे," ती म्हणाली. "हा काढल्याशिवाय या भिंतीखाली मी कुणालाही उभं करणार नाही. खाली पोरं क्रिकेट खेळतात, दिपेश. उद्या सकाळी पहिलं काम हेच."

ती बरोबर बोलत होती. म्हणूनच मला भीती वाटली. आणि भीतीच्या खाली, लपवून काय उपयोग, मला आनंदही झाला. उद्या ती भेग माझी.

रविवारी सकाळी खालच्या पोरांना दिपेशने घरी पाठवलं. तो क्वारीच्या तोंडाशी वाटेवर उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून. क्षिप्रा वरून सोडलेल्या दोरावर पायरीपाशी आली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि मला भेगेत घातलं.

त्याच वेळी खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. क्वारी वाटीसारखी आहे, खालचं बोलणं सावकाश वर येतं, आणि सुंदराबाई ही हकिगत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

किसन शर्मिलाबरोबर रिक्षाने नुकताच घरी आला होता. काळा चष्मा लावून दारात खुर्ची टाकून बसला आणि भिंतीकडे बघायला लागला.

"रिंगण दिसंना गं."

"चार वर्सं समोरची मी दिसत न्हवते, आन् तुमाला वरचं रिंगण पायजे."

"डाक्टरनं डोळा बिघडवला."

"बाबा, डोळा चांगला झालाय," शर्मिला म्हणाली. "तो टॉवर दिसतोय ना?"

"टावर दिसतोय. त्या बाईची वाळत घातलेली चादर दिसती. चिंगी दिसती." त्याने खुंटीकडे बोट केलं. "चिंगी कशाला बांधलीया?"

"पहार नेली की त्या डोंगरवाल्या पोरीनं," सुंदराबाई म्हणाली. "संध्याकाळी आणून देणार हाय."

किसनने पुन्हा वर पाहिलं. दोर दिसला. पायरीवरचं लाल हेल्मेट दिसलं. मग त्याने घरात जाऊन भाकरीची थाळी घेतली, भाकऱ्या खाटेवर ओतल्या, शर्मिलाच्या गळ्यातली तांबडी ओढणी ओढून घेतली आणि भिंतीच्या दिशेने चालायला लागला. वाकू नका, पळू नका, धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरने सांगितलं होतं. तो पळत होता.

मी तोवर भेगेत चार बोटं शिरले होते. क्षिप्राने खांदा लावला. शिळा केसभर हलली. वर्षानुवर्षं मी याच हलण्याची वाट बघत होते. आणि तेवढ्यात थाळी ऐकू आली.

वाऱ्याने शब्द तुटत होते, थाळी मात्र नीट येत होती. तोच ठेका. दोन, मग एक, मग दोन.

"खाली काय चाललंय?" क्षिप्राने ओरडून विचारलं. "लग्न आहे का कुणाचं?"

तिने वळून पाहिलं. दिपेश वाटेवर नव्हता. एका मोठ्या दगडाआड तो उकिडवा बसला होता, दोन्ही हात कानांवर.

तो लहान असताना ही थाळी वाजली की त्याची आई सगळ्या पोरांना खाटेखाली ढकलायची. शिकला, ऑफिसात लागला, सगळं विसरला. पण गुडघे विसरले नव्हते.

"क्षिप्रा," तो आडूनच ओरडला, "पहार सोड."

"का?"

"माहीत नाय. पयले सोड. हात काढ नि लांब हो."

अर्धा हात आणखी दाबलं असतं तर शिळा गेली असती. मला ते कळत होतं. तिच्या खांद्यालाही कळत असणार. तिने हात काढला.

मी तशीच राहिले. भेगेत, आडवी, शिळेचं वजन माझ्या अंगावर घेऊन.

क्षिप्रा दोराने खाली उतरली तेव्हा किसन गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. चष्मा कुठेतरी पडला होता. सुंदराबाई आणि शर्मिला मागून आल्या, त्यांच्या मागून अर्धी वस्ती.

"काय झालं, काका?" क्षिप्राने विचारलं.

"त्या कानात बोलू नको, तो गेलाय. इकडून बोल." किसनने उजवा कान पुढे केला. "रिंगण कुठं गेलं?"

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "ते... तो पेंट? तो मी काढला. मला वाटलं कुणीतरी दगड खराब केलाय."

"मीच केलाय. दर साली करतो." मग त्याने सांगितलं. बारा भरले, अकरा वाजले. एक तिथे बसलाय. जोतीरामचं सांगताना त्याने वर माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याच्या हातात बी हीच होती."

क्षिप्रा खालीच बसली. पाठपिशवीतून तिने वही काढली. कशाला काढली ते तिलाही माहीत नसावं.

"मी सगळ्यांना विचारलं होतं, काका," ती म्हणाली. "फॉरेस्ट ऑफिस. गावकी. पोलीस चौकी. देवीला नारळ. घुबडांचं सुद्धा..."

"घुबडाला बी इचारलं?"

"त्यांची पिल्लं असतात म्हणून."

"बरं केलंस," किसन म्हणाला. "घुबडाच्या खाली पन्नास घरं हायती."

सुंदराबाई पुढे झाली आणि म्हणाली, "माज्या दारात तर आली होती. मीच दिली पहार. आता दोघी शाण्या." तिने क्षिप्राचा हात धरून तिला उठवलं. "चल, भाकऱ्या खाटंवर पडल्यात. चिंगीनं ठेवल्या असतील तर खाऊ."

"काका," उठता उठता क्षिप्राने विचारलं, "तुम्हाला तर ती जागा पाठ असेल. मग दर वर्षी रंगवायचात कशाला?"

"मला डोळं मिटून ठावं हाय," किसन म्हणाला. "ते माझ्यासाठी न्हवतंच. मी नसंन तवासाठी होतं. तुझ्यासाठीच होतं म्हण की."

मला वाटतं, ती त्यानंतर रडली. पाठ माझ्याकडे होती.

त्या दिवशी दिपेश मला काढायला वर निघाला होता. किसनने त्याला अडवलं. "तिला हात लावायचा न्हाई. आता पहारीनंच दगूड धरलाय. ती निघाली की तो निघाला." मग त्याने तोंड वर करून मला सांगितलं, जसं चिंगीला सांगतो तसं, "हलू नको गं."

म्हणून मी हलत नाही.

ज्या भेगेसाठी मी जन्मभर तडफडले तिच्यात मी आता आहे, आणि माझं काम स्वस्थ राहणं आहे. दुपारी दगड तापतो, मी फुगते. पहाटे गारठते, आकसते. तेवढी हालचाल मला रोखता येत नाही. उन्हाळा गेला, पावसाळ्यात भेगेतून पाणी माझ्या अंगावरून वाहिलं, गंज परत आली. अजून धरून आहे.

क्षिप्राने अर्ज लिहिला. फोटो, नकाशा, किसनने सांगितलेली तारीख, भोकाची खोली, सगळं इंग्रजीत. पंधरा दिवसांत उत्तर आलं. किसनने ते पत्र उलटंसुलटं बघितलं. "सोळा वर्सं मी तोंडानं सांगत होतो," तो एवढंच म्हणाला. क्षिप्राने मान खाली घातली. त्यानंतरच्या सगळ्या अर्जांवर तिने पहिली सही किसनची घेतली आणि स्वतः साक्षीदाराच्या जागी सही केली.

तज्ज्ञ लोक आले, दुरून यंत्रं लावून बघून गेले. आहे म्हणाले. भोक उघडून काढणं धोक्याचं. जागच्या जागी उडवावा लागेल. पहार काढता येणार नाही, ती दगडाबरोबर जाईल. क्वारीला तारेचं कुंपण घातलं. चढायची भिंत क्षिप्राने टेकडीच्या पलीकडच्या अंगाला नेली. तिथे किसन खुर्ची टाकून बसतो, ती टिचकी मारते, तो उजवा कान देतो. "ह्यो चालंल." "ह्यो नको." कळंबोलीहून एक नवी पहार आणलीय म्हणे. तिचं टोक सरळ आहे. मला मत्सर वाटतो, पण थोडाच.

या दसऱ्याला किसनचे गुडघे वर चढेनात. क्षिप्रा वरून दोर सोडून, शिळेला स्पर्शही न करता, हवेत लोंबकळत माझ्यासमोर आली. हातात लांब दांड्याचा ब्रश, कमरेला रंगाचा डबा.

"उजवीकडं घे," किसन खालून ओरडला. "तुझी उजवी न्हाई, माझी."

"काका, वर्तुळ आहे, सगळीकडेच जाणार आहे."

"मला शिकवू नको. जाड काढ. लांबून दिसलं पायजे."

रंगाचे दोन थेंब माझ्या अंगावर पडले. फुली मारून झाल्यावर ती जरा वेळ तिथेच लोंबत राहिली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सॉरी हं." मला आजवर कुणी सॉरी म्हटलं नव्हतं. त्यावर काय करतात मला माहीत नाही.

येत्या सोमवारी ते तज्ज्ञ लोक बार उडवायला येणार आहेत. घुबड अंड्यांवर बसायच्या आधीची तारीख क्षिप्राने भांडून मिळवली. पन्नास घरं सकाळीच गावच्या शाळेत जातील. शाळा उघडून द्यायचं कमळाकरने कबूल केलंय. चिंगीही जाईल. थाळी किसनच बडवणार, त्याने कुणाला देऊ केलेली नाही.

मी थोडी घाबरले आहे. जास्त करून मला घाई झालीय. इतकी वर्षं हे अंग आवरून धरलंय, आता एकदा मनासारखं हलायला मिळेल.

तुम्हाला एकच मागणं आहे. कुठल्याही डोंगरावर, चांगल्या कामासाठी सुद्धा, माझ्यासारखीला उचलण्याआधी खाली जा. पहिल्या दारात थांबा, चहा घ्या, आणि तिथे हा दगड कुणी फोडला ते विचारा. वेळ जाईल. जाऊ द्या.

आणि सोमवारी थाळी ऐकू आली तर लांब व्हा. मोठा आवाज होईल, तळोज्यापर्यंत जाईल. त्या वेळी कुणीतरी किसनकडे बघा. मला बघता येणार नाही. त्याची अकरा बोटं कधीची मिटलेली आहेत. तो बारावं मिटेल.